१ जुलै १९८७ : अलीकडची बहीण, पलीकडचा भाऊ

गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगावजवळ, इटियाडोह धरणाच्या भागात नॉरग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. १९७२च्या सुमारास ती वसली तेव्हा हा सगळा भंडारा जिल्हा होता, म्हणून तिबेटी माणसं तिला अजूनही 'भंडारा सेटलमेंट' म्हणतात. आमच्याकडे नुसतं 'कॅम्प'. प्रतापगडच्या महाशिवरात्रीच्या यात्रेला आलेले लोक परतताना तिथला गोम्पा, म्हणजे बौद्ध मठ, पाहून जातात. पण आम्हा आजूबाजूच्या गावांसाठी ती पाहायची जागा नाही. ती शेजारची वस्ती आहे. रोवणीच्या दिवसात त्यांच्या बांधीत आमच्या बाया जातात, आणि आमच्या बाजारात त्यांची दुकानं लागतात.

मी या भागात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. नोकरीतली बरीच वर्षं माझ्याकडे मतदार यादीचं काम होतं, म्हणजे मी बीएलओ (बूथ लेव्हल ऑफिसर) होते. आता निवृत्त आहे, त्यामुळे जे सरकारी कामात असताना लिहिता येत नव्हतं ते लिहिते आहे. एका घरातल्या माणसांची मतदार नोंदणी करताना जे पाहिलं ते.

हे घर कॅम्पात राहत नाही. बाजाराच्या गावात ग्रामपंचायतीच्या गाळ्यात त्यांचं छोटं हॉटेल आहे. सकाळी तर्री-पोहे, दुपारनंतर मोमो आणि थुक्पा. मागच्या बाजूला राहायचं घर. घरटॅक्स, पाणीपट्टी, गाळ्याचं भाडं सगळं वेळेवर. नावं मी लिहिणार नाही. म्हाताऱ्या आईला गावात सगळे आमाला म्हणतात, थोरल्या मुलीला दीदी. मग धाकटा भाऊ आणि त्याची बायको.

आमाला लहान असताना तिबेटातून आली. दलाई लामा १९५९च्या मार्चमध्ये भारतात आले, त्यामागोमाग जे हजारो लोक डोंगर उतरले त्यांत तिचे आईबाप होते. पुढे हिमालयात रस्त्याच्या कामावर खडी फोडत ती मोठी झाली, आणि नंतर सरकारनं ज्यांना या जंगलात जमीन दिली त्यांच्यासोबत इथे आली. त्या थंड मुलखातल्या माणसांनी आमच्या विदर्भातला मे महिना कसा काढला असेल, याचा विचार मी अनेकदा केला आहे. ती सांगते, पहिल्या उन्हाळ्यात दुपारभर सगळे पाण्यात बसून राहायचे. धान कसं लावतात हे त्यांना आमच्याच लोकांनी शिकवलं.

आता यादीकडे येते.

२०१४ पर्यंत कॅम्पातल्या किंवा बाहेरच्या तिबेटी घरांशी आम्हा बीएलओंचा काही संबंधच यायचा नाही. घर दिसलं की पुढे जायचं, कारण ते परदेशी. त्यांच्याकडे आरसी असते, म्हणजे परदेशी नागरिक म्हणून नोंदणीचं प्रमाणपत्र. ते ठराविक मुदतीनं जिल्ह्याच्या पोलीस कार्यालयात जाऊन वाढवून आणावं लागतं. त्यावर राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात 'तिबेटी' लिहिलेलं असतं. मग ७ फेब्रुवारी २०१४ चं निवडणूक आयोगाचं पत्र आलं. तिबेटी निर्वासितांची जी मुलं २६ जानेवारी १९५० किंवा त्यानंतर, पण १ जुलै १९८७ च्या आधी भारतात जन्मली, त्यांना मतदार म्हणून नोंदवायला नकार देऊ नये, असा त्याचा आशय होता.

हे आयोगानं दयेपोटी दिलेलं नव्हतं. १९५५च्या नागरिकत्व कायद्यातच होतं की त्या काळात या भूमीवर जन्मलेलं मूल जन्मानंच भारतीय, आईबाप कुठले का असेनात. नामग्याल डोलकर नावाच्या, १९८६ साली हिमाचलात जन्मलेल्या तरुणीला पासपोर्ट नाकारला गेला, ती दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि डिसेंबर २०१० मध्ये न्यायालयानं ती भारतीय नागरिक असल्याचं मान्य केलं. कर्नाटक उच्च न्यायालयानं २०१३ मध्ये तसाच निकाल दिला. त्यानंतर आयोगाचं पत्र. म्हणजे कायद्यानं जे १९५५ पासून त्यांचं होतं, ते त्यांच्या दारापर्यंत यायला एवढी वर्षं गेली.

दीदीचा जन्म १९७९चा. मी नमुना ६, म्हणजे मतदार नोंदणीचा अर्ज, घेऊन तिच्या हॉटेलात गेले. गिऱ्हाइकांची गडबड संपल्यावर ती समोर बसली. तिनं पहिली ते चौथी आमच्याच शाळेत काढली होती, मराठी माझ्याइतकंच चांगलं. सगळा फॉर्म भरून झाला आणि शेवटचं प्रतिज्ञापत्र आलं. 'मी भारताचा नागरिक आहे.' खाली सही. तिनं पेन खाली ठेवला.

"मॅडम, तुमी म्हनता तर मी सही करतो जी. पन इतके वर्स मी पोलीस हापिसात लिवून देतो का मी परदेशी हाय म्हनून. आता इथं लिवायचं का भारतीय हाय. दोनीपैकी एक खोटं झालं ना?"

हा प्रश्न मी टाळू शकत नव्हते. खोटी माहिती दिली तर लोकप्रतिनिधित्व कायदा १९५० च्या कलम ३१ प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, आणि ते फॉर्मवरच छापलेलं असतं. तिच्यासारख्या माणसाला, जिचा आयुष्यभराचा मुक्काम एका कागदाच्या मुदतीवर आहे, त्या दोन ओळी आपल्यापेक्षा फार मोठ्या दिसतात. मी तिला न्यायालयाच्या निकालाबद्दल सांगितलं. नागरिकत्व आरसीमुळे येत नाही आणि आरसीमुळे जातही नाही, ते तुझ्या जन्माच्या तारखेत आहे, असं म्हटलं. तिनं लगेच सही केली नाही. फॉर्म ठेवून घेतला, आईशी बोलली, कॅम्पातल्या जाणत्यांशी बोलली. तिथे दोन मतं होती. काही जण म्हणाले, घ्या, हक्क आहे. काही म्हणाले, आपण निर्वासित आहोत, एक दिवस परत जायचं आहे. इथलं मत घेतलं तर आपली ती ओळख पातळ होईल. ही दुसरी बाजू मला तेव्हाही चुकीची वाटली नाही, आजही वाटत नाही. जी माणसं देश सोडून आली आणि आशा सोडली नाही, त्यांनी तसा विचार करणं मी समजू शकते. पण तो विचार ज्याचा त्यानं करायचा आहे. कार्यालयानं तो त्यांच्या वतीनं करू नये.

अखेर दीदीला आमालानं सांगितलं की तू इथे जन्मलीस, सही कर.

मग पुरावे. तिचा जन्म घरीच झालेला. ग्रामपंचायतीच्या जन्म नोंदवहीत आम्ही जुनी पानं उलटत बसलो. नोंद सापडली, पण त्यात बाळाचं नाव नाही. तेव्हा बारसं व्हायच्या आधीच नोंद व्हायची, म्हणून नुसतं 'मुलगी', बापाचं नाव, आईचं नाव, तारीख, गाव. आमच्या पिढीतल्या कितीतरी बायांच्या नोंदी अशाच आहेत. ती नोंद दीदीचीच, हे दाखवायला शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर कामी आलं. तिथे बापाचं नाव आणि जन्मतारीख जुळत होती. फक्त आडनावाच्या रकान्यात तेव्हाच्या गुरुजींनी 'तिबेटी' असं लिहून ठेवलेलं. तिबेटी लोकांत आपल्यासारखं आडनाव नसतं, दोन नावं असतात, ती दोन्ही त्या माणसाचीच. नमुना ६ मध्ये 'आडनाव, असल्यास' असं असतं, पण ते 'असल्यास' कुणी वाचत नाही. रकाना मोकळा दिसला की फॉर्म परत. आरसीवर एक, शाळेत एक, ग्रामपंचायतीत काहीच नाही, अशी तीन कागदांवर तीन रूपं. त्यासाठी शपथपत्र करावं लागलं.

निवडणुकीचं काम पाहणाऱ्या कार्यालयात फॉर्म घेऊन गेले तेव्हा टेबलावरच्या माणसानं आरसीची झेरॉक्स पाहून तो बाजूला सरकवला. "मॅडम, इथंच लिवलं हाय ना, तिबेटी. परदेशी माणसाचं नाव घालून तुमी पन फसाल आन मी पन." मी आयोगाचं पत्र काढून ठेवलं. त्यानं ते वाचलं नाही असं नाही. वाचलं, आणि म्हणाला की वरून लेखी आल्याशिवाय करत नाही. पत्र वरूनच आलेलं होतं. शेवटी अधिकाऱ्यांकडे गेले. त्यांनी ते दोनदा वाचलं, जन्माचा उतारा पाहिला, आणि प्रारूप यादीत नाव घ्यायला सांगितलं. या सगळ्यात दीदी दुकान बंद ठेवून बाहेर बाकड्यावर बसून होती.

यादी जाहीर झाल्यावर हरकत आली. गावातल्याच एका मतदारानं नमुना ७ भरला : ही बाई परदेशी आहे, नाव वगळावं. सुनावणी लागली. बीएलओ म्हणून मलाही बोलावलं होतं.

तो माणूस वाईट नव्हता, हे मला लिहायचंच आहे. त्याच्या मुली माझ्या शाळेत शिकल्या. त्याची भीती त्यानं सरळ सांगितली. "आज एक नाव आलं साहेब, उद्या सारा कॅम्प येईल. मंग ग्रामपंचायत कोनाची?" अधिकाऱ्यांनी विचारलं, ही इथे जन्मली नाही असा तुमच्याकडे पुरावा आहे का? तो म्हणाला, नाही, जन्मली इथेच, हे सगळ्या गावाला माहीत आहे. त्याच्या तोंडूनच तिचा पुरावा पक्का झाला.

दीदीला बोलायला सांगितलं. ती इतकंच बोलली : "माजा जनम त्या नोंदवहीत हाय. मी टॅक्स भरतो. माज्या घरासमोरची नाली कोन बांधते आन कवा बांधते, ते इचारायचा मले हक पायजे." हरकत फेटाळली गेली.

इथे एक गोष्ट सांगणं गरजेचं आहे, कारण गावोगाव याबद्दल गैरसमज आहे. ग्रामपंचायतीची वेगळी मतदार यादी बनत नाही. विधानसभेची जी यादी असते तीच राज्य निवडणूक आयोग ठरवलेल्या तारखेची घेतो आणि प्रभागवार फोडतो. प्रभागाच्या यादीवर हरकत घेऊन कुणाचं नाव नव्यानं घालता येत नाही की नागरिकत्वावरून काढता येत नाही. फक्त नाव चुकीच्या प्रभागात गेलं असेल तर दुरुस्ती. आणि विधानसभेच्या यादीत नाव यायला घटनेच्या कलम ३२६ प्रमाणे नागरिक असणं भाग आहे. त्यामुळे आपल्या गल्लीच्या नळाचा निर्णयही अखेर नागरिकत्वाच्या दारातून जातो.

पुढच्या ग्रामपंचायत निवडणुकीत दीदीनं मतदान केलं. मला ड्युटी दुसऱ्या केंद्रावर होती, मी पाहिलं नाही. संध्याकाळी तिनं हॉटेलात येणाऱ्या प्रत्येकाला डाव्या हाताच्या बोटावरची शाई दाखवली म्हणे.

आणि आता भाऊ.

तो १९८८च्या नोव्हेंबरमध्ये जन्मला. त्याच घरात. त्याच नोंदवहीत पुढच्या पानांवर त्याची नोंद आहे. तोही माझ्या शाळेत शिकला. पण नागरिकत्व कायद्यात १९८६ साली दुरुस्ती झाली आणि १ जुलै १९८७ पासून नियम बदलला : त्या दिवसापासून पुढे जन्मलेल्याच्या आईबापांपैकी एक तरी भारतीय नागरिक असायला हवा. डिसेंबर २००४ पासून तर अट आणखी कडक झाली. १९८६च्या दुरुस्तीमागे बांगलादेशातून आणि श्रीलंकेतून येणारे लोक, आसामचा प्रश्न, अशी कारणं होती. गोंदियाच्या जंगलात धान लावणाऱ्या तिबेटी लोकांचा त्या चर्चेत कुणी विचार केला असेल असं मला वाटत नाही. पण रेषा त्यांच्या घरातून गेली. बहीण अलीकडे, भाऊ पलीकडे. त्याची बायको कर्नाटकातल्या मुंडगोडच्या तिबेटी वसाहतीतली, जन्म १९९०चा, तीही पलीकडे.

मी लाखांदूर तालुक्यातल्या माहेरून लग्न होऊन इकडे आले. माझं नाव इथल्या यादीत यायला एक फॉर्म पुरला. इथे सर्वसाधारणपणे राहते, एवढं सांगितलं की झालं. मला या गावाची तेव्हा बोडीही (तळं) माहीत नव्हती आणि बांधही. मला मत मिळालं ते बरोबरच झालं. पण धाकटा जन्मापासून इथे आहे आणि त्याला ते नाही, हे मला प्रत्येक पुनरीक्षणाच्या वेळी टोचत राहिलं.

लोक म्हणतात, मत नसलं म्हणून काय बिघडतं, धंदा तर करतोच आहे. बिघडतं. राज्यघटनेच्या कलम २४३ मध्ये ग्रामसभेची व्याख्या आहे : गावाच्या मतदार यादीत नोंदलेल्या माणसांची सभा. म्हणजे यादीत नाव नाही तो ग्रामसभेचा सदस्यच नाही. गणपूर्तीत तो मोजला जात नाही, ठरावावर हात वर करू शकत नाही, आणि सभाध्यक्षानं म्हटलं की तुम्ही सदस्य नाही, बसा, तर त्याला बसावं लागतं. धाकट्याला मी असं बसताना पाहिलं आहे. बाजारातल्या गाळ्यांचं भाडं वाढवायचा विषय होता. गाळेधारक म्हणून तो उठला, दोन वाक्यं बोलला, आणि एकानं विचारलं की याचं नाव यादीत आहे का. भाडं वाढलं. ते तो भरतो.

त्याहून जास्त मला लागलं ते दारूच्या दुकानाच्या वेळी. त्यांच्या घराच्या मागच्या भिंतीला लागून देशी दारूचं दुकान होतं. शेजारचा गडचिरोली जिल्हा १९९३ पासून दारूबंदीचा, आमचा नाही. दुकान बंद करायचं तर २००८च्या शासन आदेशाप्रमाणे आधी गावातल्या २५ टक्के महिला मतदारांच्या सह्यांचं निवेदन लागतं. सह्यांची पडताळणी होते, मग गुप्त मतदान : उभी बाटली (दुकान राहू द्या) की आडवी बाटली (दुकान बंद करा). आणि आडवी बाटली जिंकायला आलेल्या मतांपैकी नव्हे, तर यादीतल्या एकूण महिलांपैकी निम्म्याहून जास्त मतं पडावी लागतात. जी बाई मतदानाला आली नाही ती आपोआप उभ्या बाटलीकडे मोजली जाते.

धाकट्याच्या बायकोनं या कामात स्वतःला झोकून दिलं. तिच्या खिडकीखाली रोज काय चालायचं ते तीच जाणे. ती मराठी इथे येऊन शिकली, पण पोर कडेवर घेऊन घरोघर फिरली. ज्या बाया नवऱ्याच्या धाकानं सही करायला तयार नव्हत्या त्यांच्याजवळ तासतासभर बसली. तिची स्वतःची सही निवेदनावर पहिल्या पानावर होती. पडताळणीला आलेल्या कर्मचाऱ्यानं यादी उघडली आणि ती सही लाल पेनानं कापली. त्याचं काम त्यानं केलं. मी तिथेच होते. ती म्हणाली, "कापा भाऊ, बाकीच्या बराबर आहेत ना?" आणि पुढच्या पानावर बोट ठेवून नावं वाचून द्यायला लागली, कारण कोणती सही कोणाची हे तिच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं.

मतदानाच्या दिवशी ती बायांना केंद्राच्या फाटकापर्यंत आणत होती. आत जात नव्हती. आडवी बाटली जिंकली. दुकान गेलं.

माझा भाचा साकोलीचा. आयर्लंडमध्ये डब्लिनला सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहे, भारतीय पासपोर्टवर. ७ जून २०२४ ला तिथे नगर आणि काउंटी परिषदांच्या निवडणुका झाल्या. त्यानं मतदान केलं आणि मला फोन केला. मला आधी पटलंच नाही. त्यानं समजावून सांगितलं : तिथे संसदेच्या निवडणुकीत त्याला मत नाही, राष्ट्राध्यक्षाच्या नाही. पण स्थानिक परिषदेसाठी तिथे राहणारा अठरा वर्षांवरचा कुणीही, कोणत्याही देशाचा असो, नोंदणी करून मत देऊ शकतो. नागरिक नसलेल्यांना तिथे हे १९६० च्या दशकापासून आहे. मतपत्रिकेवर उमेदवारांपुढे १, २, ३ असे पसंतीचे आकडे लिहायचे असतात. त्याच्या दारावर एक उमेदवार येऊन गेला, सायकलच्या रस्त्याबद्दल विचारलं. भाचा त्या देशात नवाच होता.

फोन ठेवल्यावर मला धाकटा आठवला. आमचा मुलगा परदेशात भाड्याच्या खोलीत राहून गल्लीच्या रस्त्याबद्दल बोलतो आणि त्याचं ऐकून घेतात. ज्याची नाळ इथे पुरली आहे तो आमच्याच ग्रामसभेत बोलू शकत नाही.

मग मी वाचायला लागले. स्वीडननं १९७६च्या स्थानिक निवडणुकांपासून परदेशी रहिवाशांना मत दिलं. आपल्यासारख्या देशांतून गेलेल्यांना तीन वर्षांच्या नोंदणीकृत वास्तव्याची अट. नेदरलँड्समध्ये पाच वर्षं. दक्षिण कोरियानं २००६च्या स्थानिक निवडणुकीत कायम वास्तव्याचा परवाना मिळून तीन वर्षं झालेल्या परदेशी लोकांना मत दिलं. सगळीकडे असंच आहे असं नाही. न्यूयॉर्क शहरानं असा कायदा केला, तो न्यायालयात टिकला नाही. म्हणजे वाद तिकडेही आहेत. पण जिथे दिलं तिथे विचार एकच दिसतो : देशाचं धोरण नागरिक ठरवतील, आणि नाली, नळ, शाळा, कचरा हे तिथे राहणारे ठरवतील.

माझं म्हणणं तेच आहे. ग्रामपंचायत सीमेचे निर्णय घेत नाही, परराष्ट्र धोरण ठरवत नाही. ती पाणीपट्टी ठरवते, दिवाबत्ती ठरवते, घरकुलाची यादी वाचते. कलम ३२६ लोकसभा आणि विधानसभेबद्दल आहे. पंचायतीच्या मतदारानं नागरिकच असलं पाहिजे असं घटनेच्या पंचायतींवरच्या नवव्या भागात मला कुठे लिहिलेलं सापडलं नाही. ही जोडणी महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ नं विधानसभेची यादी वापरायचं ठरवल्यामुळे झाली आहे. तो राज्याचा कायदा आहे, आणि राज्याचं विधानमंडळ कायदे बदलतं. सरपंच थेट जनतेतून निवडायचा हा नियम २०१७ मध्ये आला, २०२० मध्ये गेला, २०२२ मध्ये परत आला, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं.

मला विचारतात, मग उद्या कुणीही येईल आणि मत मागेल. कुणीही नाही. ज्याची सरकारकडे वैध नोंद आहे, जो पाच किंवा दहा वर्षं सलग त्याच गावात राहतो, जो त्या ग्रामपंचायतीचा कर भरतो, तो. सरकारला त्याचा पत्ता माझ्यापेक्षा नीट माहीत असतो. आरसीवर तो दर मुदतीला तपासला जातो.

आमालाला मी एकदा विचारलं की तुला मत हवं आहे का. तिला माझं बोलणं विचित्र वाटलं. ती म्हणाली, माझं मत आहे ना. आणि खरंच आहे. तिबेटी लोक आपली निर्वासित संसद आणि आपला प्रमुख, सिक्योंग, स्वतः मतदानानं निवडतात. २०२१ मध्ये जगभरच्या तिबेटी लोकांनी मतदान केलं, त्यांत आमच्या जंगलातला कॅम्पही होता. म्हातारी नवी पांगदेन, म्हणजे तिबेटी बायांचा पट्ट्यापट्ट्यांचा एप्रन, बांधून रांगेत उभी होती. ज्या समाजाला स्वतःचा देश हातात नसताना इतक्या शिस्तीनं मतदान करायची सवय आहे, तो आमच्या ग्रामसभेत आला तर ग्रामसभेचं भलंच होईल, असं मला मनापासून वाटतं.

बीएलओ भगिनी-बंधूंसाठी एक गोष्ट. यादीच्या पुनरीक्षणाचा कार्यक्रम साधारण दिवाळीनंतर, हिवाळ्यात येतो. नेमकी तेव्हाच तिबेटी कुटुंबं स्वेटर विकायला नागपूर आणि दूरदूरच्या शहरांत गेलेली असतात. घराला कुलूप दिसतं आणि शेरा पडतो 'स्थलांतरित'. असं करू नका. शेजारी विचारा, फेब्रुवारी-मार्चमध्ये परत जा. आमच्याकडचे जे मजूर दिवाळीनंतर कामाला बाहेर जातात त्यांची नावंही अशीच उडतात. आणि ज्यांचा जन्म २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळातला आहे आणि भारतातच झाला आहे, अशा तिबेटी माणसांना नमुना ६ भरता येतो, हे त्यांच्या दारात जाऊन सांगा. अनेकांना वाटतं की मत घेतलं तर कॅम्प सोडावा लागेल. ती भीती पासपोर्टवरून पसरली : २०१७ मध्ये परराष्ट्र मंत्रालयानं पासपोर्ट हवा असेल तर आरसी परत करा, वसाहत सोडा अशा अटी घातल्या होत्या. आयोगाच्या २०१४च्या पत्रात मतदार नोंदणीसाठी वसाहत सोडायची अट नाही.

निवृत्तीनंतर मी ग्रामसभेत ठराव मांडला. दोन भाग होते. पहिला : गावात सलग पाच वर्षं राहणाऱ्या आणि ग्रामपंचायतीचा कर भरणाऱ्या प्रौढ माणसाला, यादीत नाव नसलं तरी, ग्रामसभेत बोलू द्यावं आणि त्याचं म्हणणं इतिवृत्तात लिहावं. दुसरा : अशा रहिवाशांना ग्रामपंचायतीपुरतं मत मिळावं म्हणून अधिनियमात दुरुस्ती करावी, अशी शासनाला विनंती. बरीच भांडाभांडी झाली. पहिला भाग मंजूर झाला. दारूच्या दुकानाच्या वेळच्या बाया एकगठ्ठा उभ्या राहिल्या. दुसरा भाग पडला.

त्यानंतरच्या सभेला धाकट्याची बायको आली. शाळेमागच्या नालीचा विषय होता, पावसाळ्यात पाणी वर्गात शिरतं. ती बोलली, ग्रामसेवकानं लिहून घेतलं, अंदाजपत्रक करायचं ठरलं. हात वर करायची वेळ आली तेव्हा ती खाली बसली, कारण तो भाग अजून तिचा नाही.

दुसरा भाग मी पुन्हा मांडते आहे. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत घ्यावा म्हणून सरपंचांकडे अर्ज दिला आहे, पोच घेतली आहे. दीदीनं अनुमोदक म्हणून सही केली आहे. तिला ती करता येते.